लहान गोबी मासे व घरगुती सागरी मत्स्यटाकी

खाडीच्या चिखलावर उड्या मारणारी निवटी कोकणातील सर्वांस परिचित आहे. तिच्या जवळच्या आप्तांत गोबी या लहान माशांची गणना होते. यांपैकी बहुतेकांचे पोटाकडील पर जुळून त्यांची वाटीसारखी चूषक चकती बनलेली असते व तिच्या साहाय्याने ते खडकास चिकटून राहतात. फ्लोरिडाच्या प्रवाळखडकांत आढळणारा निऑन गोबी सुमारे ५ सेंटिमीटर लांबीचा असून त्याच्या काळ्या अंगावर निळा पट्टा असतो. मोठ्या माशांच्या अंगावरील परोपजीवी जीव टिपून तो उदरनिर्वाह करतो. टाकीत त्याची पैदास होत असल्यामुळे नवशिक्यांनी याच जातीपासून आरंभ करावा.

टाकी व पाणी : ४५ × ३० × ३० सेंटिमीटर मापाच्या टाकीत सुमारे ४० लिटर पाणी मावते व ते एका जोडीस पुरते. मिठागराचे मीठ मात्र वापरू नये. मीठ पिकविताना समुद्रजलातील चुना व मॅग्नेशियम यांचा बराचसा अंश वेगळा होऊन जातो. मत्स्यालयासाठी तयार केलेले सागरी क्षार दर लिटरास सुमारे ३५ ग्रॅम घ्यावेत व विशिष्ट गुरुत्व १.०२५ च्या आसपास राखावे. पावसाळ्यात नदीनाल्यांच्या पाण्यामुळे किनाऱ्याचे पाणी अळणी व गढूळ होते. ते आणू नये.

टाकी पिकविणे : पाणी भरताच मासे सोडणे ही सर्वांत घातक घाई होय. माशांच्या विष्ठेतून व उरलेल्या खाद्यातून अमोनिया हे विष निर्माण होते. सच्छिद्र दगडांवर वाढणारे उपयुक्त जंतू त्याचे प्रथम नायट्राइटमध्ये व नंतर कमी घातक अशा नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. हे जंतू वाढण्यास साधारणतः ४ ते ६ आठवडे लागतात. त्या अवधीत रिकाम्या टाकीत चिमूटभर खाद्य टाकीत जावे आणि तपासणीत अमोनिया व नायट्राइट शून्य आढळल्यावरच मासे सोडावेत.

नित्याची निगा : बाष्पीभवनाने पाणी उडते, क्षार मागेच राहतात. ४० लिटरांपैकी ४ लिटर पाणी उडाल्यास क्षारांचे प्रमाण ३५ वरून ३९ ग्रॅमपर्यंत चढते. म्हणून काचेवर खूण करून तूट रोज क्लोरीनविरहित गोड्या पाण्याने भरावी. दर आठवड्यास ४ लिटर पाणी काढून तितकेच नवे खारे पाणी घालावे. वीज जाण्याचा संभव असल्याने बॅटरीवर चालणारा हवापंप जवळ ठेवावा. गोबी उडी मारून बाहेर पडतो, यास्तव टाकीवर जाळीचे झाकण आवश्यक आहे. खाद्य दिवसातून दोनदा, काही मिनिटांत संपेल इतकेच द्यावे.

पैदास : जोडी अरुंद नळीत अंडी घालते व नर त्यांची राखण करतो. सुमारे आठवड्याने पिल्ले बाहेर पडतात. त्यांस आरंभी रोटिफर हे सूक्ष्म जीव व पुढे आर्टेमियाची पिल्ले द्यावी लागतात.

महत्त्वाची सूचना : टाकीच्या शोभेसाठी समुद्रातील प्रवाळ तोडू नयेत. मालवणच्या किनाऱ्यालगत प्रवाळ आहेत. परंतु दगडी प्रवाळांस वन्य जीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये संरक्षण असून ते काढणे गुन्हा आहे. गोबीस निवाऱ्यासाठी खापराचे तुकडे व नळ्या पुरेशा होतात. मासेही टाकीत पैदास झालेलेच विकत घ्यावेत. किनाऱ्यावरील गावांत काम करणाऱ्या कार्यकर्त्यांनी ही गोष्ट मच्छीमार बांधवांस आवर्जून समजावून सांगावी. कारण प्रवाळांच्या आश्रयाने वाढणारे मासेच त्यांच्या जाळ्यात येत असतात.