गिलाव्याचे हात आणि त्वचेची सहनशीलता

बांधकामावर माल कालवणाऱ्या बिगाऱ्याच्या किंवा भिंतीला गिलावा करणाऱ्या गवंड्याच्या हातांना दिवसभरात सिमेंट, वाळू, घाम, साबण, रबर आणि लोखंड अशा कितीतरी परक्या द्रव्यांचा स्पर्श होत असतो, आणि तरीही बहुतेक दिवशी त्वचेवर काहीच उमटत नाही. हे काही न उमटणे आपोआप घडत नाही. त्वचेतील रोगप्रतिकारक पेशी ते अखंडपणे घडवून आणतात आणि त्यांच्या या गुणाला ‘सहनशीलता’ म्हणतात. गोवंडीतील शिवाजीनगर, बैंगनवाडी यांसारख्या वस्त्यांतून कामावर निघणाऱ्या बांधकाम मजुरांच्या हातांवर ही सहनशीलता कशी टिकते आणि कशी मोडते, हे स्पष्ट पाहायला मिळते.

त्वचेच्या सर्वांत वरच्या थरात, म्हणजे बाह्यत्वचेत, लांबट फांद्या असलेल्या ‘लांगरहान्स पेशी’ विखुरलेल्या असतात. पाउल लांगरहान्स याने 1868 मध्ये, विद्यार्थीदशेतच, सोन्याच्या क्षाराने त्वचा रंगवून त्या प्रथम पाहिल्या आणि आकारावरून त्यांना मज्जासंस्थेच्या पेशी मानले. त्या प्रतिकारसंस्थेच्या आहेत हे विसाव्या शतकात उलगडले. बाहेरून शिरलेले द्रव्य टिपून या पेशी जवळच्या लसिकाग्रंथीत जातात आणि तेथील टी पेशींना, म्हणजे प्रतिकाराचा निर्णय अमलात आणणाऱ्या पांढऱ्या पेशींना, ते दाखवतात. त्वचा शाबूत असेल आणि धोक्याची कोणतीही सूचना सोबत नसेल, तर या भेटीतून बहुधा ‘नियामक टी पेशी’ बळावतात व इतर पेशींचा आवेश आवरून धरतात. सौम्य स्पर्शद्रव्य वापरून उंदरांवर केलेल्या आणि 2012 मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत लांगरहान्स पेशी असा संयम घडवतात असे दिसले. नियामक टी पेशींची ओळख शिमोन साकागुची यांनी 1995 मध्ये पटवून दिली आणि या संशोधनासाठी 2025 चे नोबेल पारितोषिक त्यांना मेरी ब्रुंको व फ्रेड रॅम्सडेल यांच्यासह मिळाले.

हा संयम कोठे सुटतो, हे सिमेंटच्या कामात दिसते. पाणी घातलेल्या सिमेंटचा पीएच 12 च्या वर जातो, म्हणजे ते तीव्र अल्कधर्मी असते. त्यामुळे बोटांच्या पेरांवरील स्निग्ध थर धुऊन निघतो, वाळूचे कण त्वचेवर घासतात आणि दोन-चार आठवड्यांत हाताला भेगा पडतात. सिमेंटमध्ये अत्यल्प प्रमाणात असलेले सहासंयुजी क्रोमियम पाण्यात विरघळून या भेगांतून आत शिरते आणि तेथे त्रिसंयुजी होऊन शरीरातील प्रथिनांना चिकटते. एकट्याने प्रतिकार जागवू न शकणारे, परंतु प्रथिनाला जोडले की परके ठरणारे असे लहान द्रव्य ‘हॅप्टेन’ म्हणून ओळखले जाते. एरवी या जोडद्रव्याकडे कदाचित दुर्लक्षच झाले असते. पण दुखावलेल्या बाह्यत्वचेच्या पेशी त्याच वेळी दाहकारक संदेश सोडत असतात, त्यामुळे टी पेशींना क्रोमियम हा धोका म्हणूनच दाखवला जातो. अनेक महिन्यांनी, कधी वर्षांनी, मनगटापर्यंत खाज, पुरळ आणि पाणी सुटणारा इसब उठतो, आणि त्या जागी मुक्काम करून राहिलेल्या स्मृतिपेशींमुळे तो पुनःपुन्हा तेथेच उठतो.

नुसता क्षारदाह आणि खरी ॲलर्जी डोळ्यांनी वेगळी ओळखणे अवघड असते, म्हणून ‘पॅच टेस्ट’ करतात. तिची सुरुवात योझेफ यादासोन यांनी 1895 मध्ये केली. पेट्रोलियम जेलीत 0.5 टक्के पोटॅशियम डायक्रोमेट मिसळून ते ॲल्युमिनियमच्या लहान वाट्यांत भरतात आणि पट्टीने पाठीवर चिकटवतात. पट्टी 48 तासांनी काढून पहिली पाहणी, आणि त्यानंतर एक-दोन दिवसांनी दुसरी पाहणी होते. दाहाची लाली मधल्या काळात बहुधा ओसरते, तर ॲलर्जीची जागा अधिक लाल, जाड आणि बारीक फोडांनी भरलेली होते, कारण स्मृती असलेल्या टी पेशींना तेथे जमायला वेळ लागतो. त्या दिवसांत पाठ भिजू द्यायची नसते आणि घाम येईल असे काम टाळायचे असते; रोजंदारीवर जगणाऱ्या माणसासाठी या अटीचा अर्थ बुडालेली मजुरी असा होतो.

एकदा ही ॲलर्जी जडली की ती बहुधा आयुष्यभर राहते, आणि क्रोमने कमावलेल्या चामड्याचे जोडे किंवा हातमोजेसुद्धा त्रास देऊ शकतात. म्हणूनच उपचारापेक्षा प्रतिबंध महत्त्वाचा ठरतो. सिमेंटमध्ये फेरस सल्फेट मिसळले की सहासंयुजी क्रोमियमचे त्रिसंयुजी रूप होते व ते त्वचेत सहज शिरत नाही. डेन्मार्कने 1980 च्या दशकात हा मार्ग धरला आणि युरोपीय संघाने 2005 पासून सिमेंटमधील विद्राव्य सहासंयुजी क्रोमियमवर दशलक्षात दोन भाग अशी मर्यादा घातली. सहनशीलता टिकवण्याचे निम्मे काम मात्र त्वचेच्या शाबूतपणावर अवलंबून असल्याने, आतून कोरडे राहणारे योग्य हातमोजे, हात धुण्यासाठी स्वच्छ पाणी आणि सुटीच्या वेळी लावायला साधे मलम यांची तरतूद घमेले व थापीइतकीच ठेकेदाराच्या हिशेबात असली पाहिजे. हाताला पहिली भेग पडते तेव्हाच ही तरतूद केली, तर ॲलर्जी जडण्याचा धोका बराच कमी करता येईल.