सेंटर लॉकचं दुखणं बिजागरीपाशी

जोयडा तालुक्यात गाडीचं दार नीट बंद होणं हा चैनीचा विषय नाही. जंगलातून जाणारे लांबलचक रस्ते, जून ते सप्टेंबर न थांबणारा पाऊस, गावागावांत अंतर आणि चांगलं गॅरेज हवं तर बेळगाव, हुबळी नाहीतर कारवार. या तालुक्यातलं कॅसल रॉक कर्नाटकातल्या सर्वाधिक पावसाच्या ठिकाणांत मोडतं. इथल्या जुन्या बोलेरो, सुमो, स्कॉर्पिओ वर्षानुवर्षं माणसं आणि सामान वाहतात, आणि पावसाळ्यात कधीतरी त्यांतल्या एखाद्या गाडीचं एक दार रिमोटला दाद देईनासं होतं. मग सल्ला मिळतो, ‘मोटर गेली, नवीन टाका.’ नवी मोटर बसते, चार दिवस चालते आणि दार पुन्हा हट्टाला पेटतं. कारण बऱ्याच वेळा मोटर गेलेलीच नसते.

जुन्या गाडीतलं सेंटर लॉक ही फार साधी रचना आहे. दाराच्या पोटात एक लहान डीसी मोटर असते. ती दातेरी चाकांमार्फत एक सळई पुढे-मागे ढकलते आणि ती सळई खटक्याला लॉक करते किंवा मोकळं करते. बाहेरून बसवलेल्या प्रकाराला मेकॅनिक ‘गन’ म्हणतात. मोटरला दोनच वायरी. एका दिशेने वीज दिली की लॉक, उलट दिशेने दिली की अनलॉक. वीज मिळते तीही सेकंदभर किंवा त्याहून कमी. सळई शेवटच्या टोकाला टेकते तेव्हा मोटर फिरायची थांबते, आणि थांबलेली मोटर सर्वांत जास्त विद्युतप्रवाह ओढते, कारण फिरताना तिच्यात निर्माण होणारा उलटा दाब तेव्हा शून्य असतो. म्हणजे प्रत्येक लॉकच्या शेवटी ही मोटर क्षणभर तिच्या मर्यादेपर्यंत ताणली जाते. वायरिंगमधला कमकुवतपणा उघडा पडतो तो नेमका याच क्षणी.

लक्षणांवरून निम्मं निदान होतं. चारही दारं गप्प असतील तर फ्यूज, रिले आणि कंट्रोल बॉक्सचं अर्थिंग पाहावं. ड्रायव्हरचं दार चालतं, पण बाकीची त्याचं ऐकत नाहीत, तर ड्रायव्हरच्या दारातल्या पाच वायरींच्या गनमधला स्विच संशयित. त्याच्या संपर्कांवर ओल आली तर लॉक आपोआप उघड-बंदही होऊ लागतं. इंजिन चालू असताना सगळं ठीक आणि बंद असताना सुस्त, तर आधी बॅटरी. पण दार उघडं असताना लॉक चालतं आणि मिटल्यावर चालत नाही, किंवा नेमकं याच्या उलट, तर थेट बिजागरीकडे जावं.

दार आणि खांब यांच्यामध्ये रबरी नळीतून वायरींचा जुडगा जातो. दार उघडलं की तो वाकतो, मिटलं की पुन्हा वळतो. दिवसाला 50 वेळा दार उघडलं, तर वर्षाला 18 हजारांहून अधिक वेळा. तांबं वाकवत राहिलं की कडक होत जातं, त्यात सूक्ष्म भेगा पडतात आणि वायरीतले केसासारखे धागे एकेक करून तुटतात. वरचं प्लास्टिक मात्र लवचिक असल्याने अखंडच दिसतं. म्हणून नुसत्या डोळ्यांनी दोष सापडत नाही. रबरी नळी मागे सरकवून एकेक वायर हलकी ओढून पाहावी; आतलं तांबं तुटलं असेल तिथे ती रबरासारखी ताणली जाते.

आता मीटरबद्दल, कारण इथे चांगले चांगले कारागीर चकतात. मीटर लावला तर गनच्या वायरींवर पूर्ण 12 व्होल्ट दिसतात आणि निष्कर्ष निघतो की वीज येते आहे, म्हणजे मोटर मेली. समजा मोटरचा रोध 2 ओहम आहे आणि तुटून नुसत्या एकमेकींना टेकलेल्या, हिरवट गंज चढलेल्या तारांच्या टोकांमध्ये 4 ओहम. साध्या डिजिटल मीटरचा स्वतःचा रोध सुमारे 1 कोटी ओहम असतो. त्याच्यापुढे 4 ओहम म्हणजे काहीच नाही, म्हणून तो 12 दाखवतो. मोटर जोडली की मात्र प्रवाह 6 अँपिअरऐवजी 2 अँपिअर वाहतो आणि मोटरच्या वाट्याला येतात फक्त 4 व्होल्ट. तिचा जोर एक तृतीयांशावर येतो. ‘टक्’ आवाज येतो, खटका हलत नाही. मीटर खोटं बोललेला नसतो. आपण त्याला भार नसताना विचारलेलं असतं. गाडीच्या हेडलाइटचा जुना बल्ब दोन वायरींनी गनच्या जागी जोडा. सेंटर लॉकचं बटण दाबल्यावर तो क्षणभर लख्ख पेटला तर वायर चांगली. मिणमिणला तर दोष वाटेत आहे. माझ्या मते दुर्गम भागातल्या प्रत्येक जुन्या गाडीत असा एक बल्ब असलाच पाहिजे.

दुरुस्तीत एक चूक वारंवार होते. तुटलेल्या जागीच पीळ देऊन सोल्डर केलं जातं. सोल्डर तारांच्या धाग्यांत शिरतं आणि तेवढा भाग काडीसारखा ताठ होतो. मग वाकण्याचा सगळा ताण सोल्डर जिथे संपतं तिथे येतो आणि वायर तिथेच पुन्हा तुटते. म्हणून बॅटरीची ऋण केबल सोडवून वळणाचा पूर्ण भाग कापावा, बारीक धाग्यांची नवी लवचिक वायर घालावी आणि दोन्ही जोड वळणापासून दूर, एक खांबाच्या आत व एक दाराच्या आत ठेवावेत. जोडांवर उष्णतेने आकसणारी नळी चढवावी. साधी चिकटपट्टी इथल्या दमटपणात सुटते.

दाराचा पॅड, म्हणजे आतल्या बाजूचं आवरण, काढलाच आहे तर त्यामागचा प्लास्टिकचा पातळ पडदा जपा. काचेच्या कडेने पावसाचं पाणी दाराच्या पोटात उतरतंच, रचनाच तशी असते. ते तळाच्या भोकांतून बाहेर जावं अशी अपेक्षा असते. पडदा ते पाणी पॅडपर्यंत आणि गाडीच्या आत येऊ देत नाही. घाईत तो फाडून टाकतात, हे फार वाईट. अणशी घाटातला किंवा अनमोडच्या रस्त्यावरचा लाल चिखल आणि पालापाचोळा ती भोकं बुजवतो, दारात पाणी साठतं, पत्रा गंजतो आणि गनमध्ये ओल शिरते. पावसाळ्याआधी तारेच्या तुकड्याने भोकं मोकळी करायला दहा मिनिटं पुरतात.

वायर चांगली निघाली तर मगच गनकडे वळावं. सळई सुटी करून खटका बोटाने हलवून पाहा. जड जात असेल तर दोष जुन्या, घट्ट झालेल्या ग्रीसचा आहे. ते धुऊन काढावं आणि पांढरं लिथियम ग्रीस लावावं. इंजिन ऑइल घालू नये, त्याला धूळ चिकटते. खटका हलका असूनही बॅटरीवरून थेट क्षणभर वीज दिल्यावर गन मरगळलेलीच राहिली, तर तिचे कार्बन ब्रश झिजलेले असतात किंवा आतला संरक्षक पीटीसी घटक बिघडलेला असतो. पीटीसी तापला की त्याचा रोध झपाट्याने वाढतो आणि मोटर जळण्यापासून वाचते. म्हणूनच चाचणीत एकामागून एक दहा झटके दिले तर चांगली गनही थोडा वेळ गप्प होते. अशी गन थंड होऊ द्यावी, मग पुन्हा तपासावी, आणि तरीही हलली नाही तरच बदलावी.

पॅड बसवण्याआधी काच पूर्ण वर-खाली करून सळई तिच्या वाटेत येत नाही ना, हे पाहावं. चाचणी दार उघडं ठेवून करायची: स्क्रू-ड्रायव्हरने खटका मिटवायचा, लॉक-अनलॉक करून बघायचं, आणि दार लावण्याआधी हँडल ओढून खटका परत मोकळा करायचा. तो मिटलेलाच राहिला तर दार लावताना चौकटीतल्या कडीवर आदळतो आणि चांगला खटका वाकतो.