ड्रोनचे संथ उड्डाण

चेन्नईच्या किनाऱ्यावर पहाटे अनेकदा जमिनीकडून समुद्राकडे मंद वारा वाहतो. दुपारी तो उलटतो. वाऱ्यात एका जागी ठरण्यासाठी ड्रोनला त्याच्याकडे कलावे लागते. कॅमेरा धरणारी गिंबल नावाची मोटारींची चौकट हा कल भरून काढते. परंतु चालकाने नियंत्रकाची दांडी एकाएकी ढकलली, तर वेगाला बसणारा हिसका तिला पुसता येत नाही. चित्रात तो दिसतोच. म्हणून दांडी हळूहळू ढकलावी व तितक्याच सावकाश मध्यावर आणावी. शिकाऊ चालक हे दुसरे बहुधा विसरतो! पहाटे समुद्रावर गेलेल्या ड्रोनला वाऱ्याविरुद्ध परतावयाचे असते. त्यासाठी बॅटरीतील निम्म्याहून अधिक शक्ती राखावी. मीनंबाक्कम विमानतळामुळे शहराच्या मोठ्या भागात उड्डाणावर निर्बंध आहेत. तेव्हा ‘डिजिटल स्काय’चा नकाशा आधी पाहावा.