जुडीतल्या चार काड्या

आठवडी बाजारातून पुदिन्याची जुडी आणली की त्यातल्या चार जाड काड्या आधी बाजूला काढा. बाकीच्याची चटणी करा. या चार काड्यांची खालची पानं खुडून, शेंड्याची तेवढी ठेवून, पेलाभर पाण्यात उभ्या करायच्या. पान खुडलं त्या पेरावर लक्ष ठेवा. काही दिवसांत तिथं बारीक पांढरे ठिपके उठतात आणि आठवडा-दहा दिवसांत दोऱ्यासारखी मुळं लोंबू लागतात. पाणी एक दिवसाआड बदलायचं. मुळं बोटाच्या पेराएवढी झाली की काड्या कुंडीत जातात.

आमच्या भोकरदन गावात खरी गोची होते ती या कुंडीपाशीच. काळी माती दारातच मिळते, मग घमेलंभर उचलून भरली जाते. कपाशीला, मक्याला ती सोनं आहे, पण कुंडीत दगा देते. ती भिजली की फुगते, वाळली की आक्रसते. शेतात तिला भेगा पडतात, तर कुंडीत ती काठापासून सुटते. वरून घातलेलं तांब्याभर पाणी कडेच्या फटीतून सरळ खाली निघून जातं आणि मधला गोळा ठणठणीत कोरडा राहतो. पावसाळ्यात याच्या उलट होतं. तोच गोळा आठ-आठ दिवस चिकट ओला राहून मुळं कुजवतो. म्हणून एक घमेलं काळी माती, एक घमेलं वाळू आणि एक घमेलं मुरलेलं शेणखत घ्यायचं. खत मुठीत धरल्यावर शेणाचा वास आला तर ते अजून कच्चं आहे.

तळाच्या भोकावर खापराचा तुकडा पालथा ठेवा. खापरांना या गावात तोटा नाही म्हणा! हे जुनं भोगवर्धन. इथं 1973 साली उत्खनन झालं आणि सातवाहनकाळातली वस्ती उजेडात आली. पण त्या जुन्या वस्तीच्या टेकाडावरच्या खापराला हात लावू नका, घरातल्या फुटक्या माठाचं पुरतं.

पुदिना आडवा पसरतो. त्याला खोल कुंडीपेक्षा जुनं पसरट टोपलं बरं, आणि जागा सकाळच्या उन्हाची. तेलाचा पत्र्याचा डबा मात्र नको. मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर गेला की त्यात मुळं शिजतात.

कोथिंबिरीचं तंत्र वेगळं. आपण ज्याला एक धणा म्हणतो, त्यात दोन बिया असतात. धणे फरशीवर पसरून वरून लाटणं हलकेच फिरवा, दोन डाळिंब्या सुट्या होतात. भुगा झाला तर जोर जास्त लागला. त्या रात्रभर भिजवून अर्धा पेर खोल पेरायच्या, वर ओलं बारदान टाकायचं आणि मोड दिसला की लगेच काढायचं. उगवायला आठ ते पंधरा दिवस लागतात, त्यामुळे चौथ्या दिवशी उकरून बघायचा मोह आवरा. रोप उपटून दुसरीकडे लावू नका, सोटमूळ दुखावलं की ते बसतं. पेरणी ऑक्टोबर ते जानेवारीत, दर पंधरा दिवसांनी मूठभर करावी. एकदाच सगळं पेरलं तर एकदाच सगळं तोडावं लागतं.

गवती चहाचं फार कौतुक नको. शेजारणीकडून मुळासकट एक फुटवा आणून उन्हात खोचला की झालं. कापताना जमिनीपासून चार बोटं सोडा आणि पात्याच्या कडेला जपा, बोट चिरतं. पानओव्याची तर नुसती फांदी मोडून खोचली तरी जगते. त्याला जास्त पाणी घालणं हाच एक धोका.

कढीपत्त्याला धीर लागतो. त्याचं बी वाळलं की रुजत नाही. पिकलेलं काळं फळ त्याच दिवशी चोळून, गर धुऊन पेरायचं. त्याहून सोपं म्हणजे मोठ्या झाडाच्या मुळावर आलेला फुटवा मुळासह काढून आणायचा. बुंध्याशी आंबट ताक ओतायची आपल्याकडे रीत आहे आणि मीही ओततो, पण माझ्या झाडाला फांद्या फुटल्या त्या शेंडा खुडल्यावर.

एक चूक कबूल करतो. पहिल्या वर्षी पुदिना लवकर वाढावा म्हणून मी चिमूटभर युरिया टाकला. पानं तळहाताएवढी झाली आणि चटणीला चवच आली नाही. वास असतो पानावरच्या बारीक तेलग्रंथींत. भरमसाट नत्र आणि पाणी मिळालं की पान फोफावतं, पण वास त्या मानाने वाढत नाही. आणि मिरचीवर मारून उरलेलं औषध कुंड्यांवर फवारू नका, ही पानं आपण कच्ची खातो. मावा दिसला तर पाण्याची जोरदार धार पुरते.

मार्चमध्ये ऊन तापलं की कोथिंबीर दांडा काढते आणि पानं शेपूसारखी बारीक होतात. तेव्हा ती उपटू नका. पांढऱ्या फुलांवर मधमाश्या येतात, मग हिरवे धणे धरतात. थोडे कच्चेच आमटीत टाका, बाकीचे झाडावर वाळू द्या आणि ऑक्टोबरसाठी कापडी पिशवीत बांधून ठेवा.