बंद लाइन
आयटीआय संपवून मी बेळगावात शिकाऊ वायरमन झालो. खांबावरचा ट्रान्सफॉर्मर 11,000 व्होल्टचे 433 करतो, एवढं पाठ होतं. एकदा लाइन बंद होती, म्हणून सरळ चढायला निघालो. मिस्त्रीमामांनी दंड धरला. "आधी तारा अर्थ कर. कुणाचा तरी जनरेटर चालू असेल."

तेव्हा नीट कळलं. एकाच लोखंडी गाभ्याभोवती तारेच्या दोन गुंडाळ्या असतात. एकीतला बदलता प्रवाह गाभ्यात बदलतं चुंबकत्व आणतो, त्यातून दुसरीत वीज उठते. वेढे कमी तर व्होल्ट कमी, जास्त तर जास्त. वीज कुठल्या बाजूनं आली, याचं ट्रान्सफॉर्मरला काही नाही. चेंजओव्हर स्विच न बसवलेल्या जनरेटरची वीज उलटी शिरली, तर वरच्या तारांत हजारो व्होल्ट येऊ शकतात. म्हणून बंद लाइनसुद्धा आधी तपासायची, अर्थ करायची. मगच हात लावायचा.