माळवदावरची माती

1993 सालची अनंत चतुर्दशी 29 सप्टेंबरला होती. दिगंबर समाजाच्या दशलक्षण पर्वाचा तो अखेरचा दिवस, उत्तम ब्रह्मचर्य धर्माचा. मंदिरांतील पूजा-अभिषेक आटोपले होते. गावोगावच्या गणेश विसर्जनाच्या मिरवणुका रात्री उशिरापर्यंत चालल्या होत्या आणि दमलेली माणसे गाढ झोपली होती. 30 तारखेच्या पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी किल्लारी परिसराची जमीन हादरली. पुढे एक-दोन दिवसांत आपण एकमेकांना क्षमावाणीची पत्रे लिहावयाची होती. त्याऐवजी निलंग्याच्या बाजारपेठेतून चादरी, बिस्किटे, कंदील आणि घासलेट भरून वाहने किल्लारीच्या दिशेने निघाली.

त्या आपत्तीत आपल्या समाजाने जे केले ते वाचकांना ज्ञात आहे. श्री. शांतिलाल मुथ्था यांच्या पुढाकाराने भारतीय जैन संघटनेने भूकंपग्रस्त भागातील सुमारे 1,200 मुले शिक्षणासाठी पुण्याला नेली आणि त्यातूनच वाघोलीचे शैक्षणिक संकुल उभे राहिले. त्याविषयी या अंकांतून वेळोवेळी लिहिले गेले आहे. मला आज लिहावयाचे आहे ते मदतीविषयी नव्हे, घरांविषयी. आपल्या स्वतःच्या घरांविषयी.

तो भूकंप 6.2 तीव्रतेचा होता. जगाच्या मानाने हा काही राक्षसी भूकंप नव्हे. 1989 साली कॅलिफोर्नियात 6.9 तीव्रतेचा भूकंप झाला, त्यात 63 माणसे गेली. लातूर आणि उस्मानाबाद, म्हणजे आताचे धाराशिव, या जिल्ह्यांत सुमारे 8,000 माणसे दगावली आणि 52 गावे नव्या जागी वसवावी लागली. भूकंपाचे केंद्र उथळ होते, वेळ झोपेची होती, ही कारणे खरी आहेत. परंतु माणसे मेली ती घराखाली.

ते घर कसे होते? आपल्यापैकी बहुतेकांचा जन्म तशाच घरात झाला आहे. दोन-अडीच फूट रुंदीच्या, कोठे त्याहूनही जाड, दगडमातीच्या भिंती. आत सागवानी किंवा बाभळीचे खांब, त्यांवर तुळया, वर फळ्या आणि त्यावर पांढऱ्या मातीचा थर. पावसाळ्यापूर्वी गळती थांबविण्यासाठी दरवर्षी आणखी थोडी माती टाकावयाची. जुनी माती काढावयाची मात्र कोणाला आठवण होत नसे. उन्हाळ्यात हे माळवद इतके थंड असते की त्याच्याविषयी वाईट बोलणे जिवावर येते.

बँकेत आकडेमोडीची सवय लागलेली असल्यामुळे मी एकदा हिशेब मांडून पाहिला. 20 फूट लांब आणि 15 फूट रुंद खोलीवर एक फूट मातीचा थर असेल तर ती माती 300 घनफूट होते. तिचे वजन 13 टनांच्या घरात जाते. थर दोन फुटांचा झाला की 26 टन. पाऊस मुरला की आणखी जास्त. भूकंपाचा नियम सावकारापेक्षा कठोर आहे. छताचे वजन जितके अधिक, तितका आडवा जोर भिंतींना आणि खांबांना सोसावा लागतो.

आणि भिंत तरी एकसंध कोठे असते? बाहेरून एक पदर, आतून एक पदर, मध्ये खडे, कपऱ्या आणि माती. दोन्ही पदरांना बांधून ठेवणारे, भिंतीच्या आरपार जाणारे लांब दगड जुन्या गवंड्यांनी क्वचितच घातले. जमीन हलली की मधला भराव खाली बसतो, भिंतीला पोट येते आणि दोन्ही पदर सुटतात. किल्लारी परिसरात भिंती ढासळूनही लाकडी सांगाडा उभा राहिलेली घरे अनेकांनी पाहिली आहेत. जेथे खांब-तुळईचे सांधे पक्के होते तेथे त्याच सांगाड्याने माणसे वाचविली.

पूर्वसूचना मिळाली नव्हती असेही म्हणता येत नाही. 1992 च्या ऑक्टोबरात किल्लारीला धक्के बसले होते. 18 तारखेचा त्यांतला मोठा. परंतु त्या वेळच्या भारतीय मानकात हा प्रदेश सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या विभागात होता. 2002 च्या सुधारित मानकात पहिला विभागच रद्द झाला आणि लातूर परिसर तिसऱ्या विभागात आला. सप्टेंबर 2022 मध्ये आपल्याच तालुक्यातील हासोरी येथे जमिनीतून आवाज येऊ लागले, सौम्य धक्के बसले आणि लोक घराबाहेर झोपू लागले. 2024 मध्ये 21 मार्च आणि 10 जुलै रोजी हिंगोली जिल्ह्यात 4.5 तीव्रतेचे धक्के बसले. ते नांदेडपर्यंत जाणवले.

भूकंपानंतर जागतिक बँकेच्या साहाय्याने पुनर्वसन झाले. नव्या गावांत रस्ते रुंद झाले, घरे दूर दूर गेली, शेजार तुटला. जेथे गाव हलले नाही तेथे घरांच्या दुरुस्तीसाठी हप्त्याहप्त्याने रक्कम मिळाली. काम पाहून अभियंत्याने दाखला दिला की पुढचा हप्ता. या कामी आम्ही बँकेतील लोकांनी असंख्य खाती उघडली. एका वृद्धेने अंगठा उमटविल्यावर वारसाचे नाव विचारले, तेव्हा तिने बराच वेळ माझ्याकडे नुसते पाहिले. मी तो रकाना कोरा ठेवला.

लोकांच्या मनात दगडाची भीती बसली आणि सिमेंटवर आंधळा विश्वास. येथेच आपल्या व्यापारी कुटुंबांचा प्रश्न सुरू होतो. खाली दुकान, वर घर ही आपली जुनी रीत. पूर्वी दुकानाला निदान जाड भिंती तरी होत्या. आता रस्त्याच्या बाजूने सगळी शटर, मधली भिंत काढून गोदाम मोकळे केलेले, आणि वर दोन-तीन मजल्यांच्या विटांच्या भिंती. म्हणजे वरचा भाग जड आणि ताठ, खालचा नुसत्या कॉलमवर. 2001 साली अहमदाबादेत अशाच मोकळ्या तळमजल्याच्या इमारती कोसळल्या. भूकंपाचे केंद्र तेथून दोनशेहून अधिक किलोमीटर दूर कच्छमध्ये होते.

अशा बांधकामांच्या कर्जप्रकरणांवर मी स्वतः सह्या केल्या आहेत. सातबारा, शोध अहवाल, मूल्यांकन, जामीनदार, सगळे तपासले. जुन्या दगडमातीच्या भिंतीवर नवा स्लॅब टाकणार काय, हा प्रश्न अर्जात नव्हता आणि मीही विचारला नाही. मूल्यांकनात जमिनीचा भाव भरपूर असे, त्यामुळे बँकेचे पैसे सुरक्षित होते. वर राहणाऱ्या माणसांचा विचार त्या कागदात कोठेच नव्हता.

विम्याचेही तसेच. कर्जापुरती विमा रक्कम धरावयाची आणि पॉलिसी कपाटात ठेवावयाची. 1 एप्रिल 2021 पासून घरांसाठी ‘भारत गृह रक्षा’ आणि 5 कोटी रुपयांपर्यंतच्या मालमत्तेच्या व्यवसायांसाठी ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ या पॉलिसी आल्या. दोन्हींत भूकंपाचे संरक्षण अंतर्भूत आहे. इमारत आणि माल यांच्या रकमा वेगळ्या आणि खऱ्या लिहिल्या आहेत की नाही, एवढे तरी आज रात्री कपाट उघडून पाहावे.

गेल्या वर्षी पेठेतील एका जुन्या स्नेह्यांकडे गेलो होतो. वाडा आजोबांच्या काळचा, दाराच्या चौकटीवर तिरकी भेग, आणि त्यावर दोन मजले चढविण्याचा बेत. मी शंका काढली तेव्हा शेठजी हसले. “साहेब, त्र्याण्णवला ही भिंत हलली नाही. आता काय हलणार?”

मी म्हणालो, “शेठजी, एक हप्ता वेळेवर आला म्हणून खाते निर्धोक आहे असे तुम्ही तरी धरता का?”

ते गप्प झाले. पुढे त्यांनी लातूरहून एका अभियंत्यास बोलाविले. त्यांनी मजल्यांचा बेत रद्द करावयास सांगितला. माळवदावरची माती उतरवून हलके छत, खांब-तुळयांच्या सांध्यांना तिरपे आधार, भिंतींत आरपार दगड आणि दारे-खिडक्यांच्या वर चारही बाजूंनी सिमेंट-काँक्रीटचा अखंड पट्टा, असे काम सुचविले. खर्च नव्या मजल्यांच्या मानाने फारच थोडा. अडचण वेगळीच निघाली. वाडा तीन भावांत सामाईक आहे. वाटणी झालेली नाही. ज्याच्या वाट्याला पुढे हा भाग येणार त्याने खर्च करावा, असे एकाचे म्हणणे. या एका वाक्यावर निलंग्यातील किती वाडे अडून बसले असतील, देव जाणे.

दोघा भावांनी आता होकार दिला आहे. तिसरे पुण्याला असतात, ते दिवाळीला येतील. तोवर शेठजींनी मातोश्रींची खाट आतल्या खोलीतून काढून पडवीत पत्र्याखाली ठेवली आहे. उकडते, अशी त्यांची रोजची तक्रार आहे.