थकव्याच्या पाटावरचा तोतया

मुलांनो, आजची गोष्ट सायकलची आहे आणि आपल्या डोक्यात दिवसभर साठत जाणाऱ्या एका पदार्थाचीही.

अमेरिकेत दर जूनला एक शर्यत होते, ‘रेस ॲक्रॉस अमेरिका’. पश्चिमेला ओशनसाइडहून, प्रशांत महासागराच्या काठावरून निघायचं आणि पूर्व किनारा गाठायचा; 2017 साली ते ठिकाण ॲनापोलिस होतं. वाटेत वाळवंट, रॉकी पर्वत, मग संपता न संपणारी शेतं. सुमारे 4,900 किलोमीटर. इथलं घड्याळ थांबत नाही, तुम्ही झोपलात तरी चालूच. 2015 साली आपल्या नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन हे भाऊ दोघांच्या गटात उतरले आणि नऊ दिवसांच्या आत पोचले. एक पॅडल मारत असला की दुसऱ्याला डोळे मिटता येत. 2017 मध्ये मात्र नाशिकचेच लष्करी डॉक्टर लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुलनाथ एकट्याने निघाले. 11 दिवस, 18 तास, 45 मिनिटं! ही शर्यत एकट्याने पुरी करणारे ते पहिले भारतीय. त्यांच्या मागोमाग नागपूरचे डॉ. अमित समर्थही पोचले.

अशा शर्यतीत पायांच्या दुखण्यापेक्षा झोपेशी झुंज अवघड असते. फार जागरण झालं की स्वारांना रस्त्यात नसलेली माणसं, जनावरं दिसू लागतात. ही झोप इतकी का छळते?

आपली पेशी काम करते तेव्हा इंधन खर्च होतं आणि त्यातून ॲडेनोसिन नावाचा पदार्थ सुटतो. जागेपणी तो मेंदूत साठत राहतो. मेंदूच्या पेशींवर त्याच्यासाठी ठरावीक जागा असतात. तिथे तो बसला की काम मंदावतं, जांभया येतात, लक्ष उडतं. झोपेत तो ओसरतो. पहाटे ताजंतवानं वाटतं ते म्हणूनच.

आता चहा-कॉफीतलं कॅफीन बघा. त्याची घडण ॲडेनोसिनशी इतकी मिळतीजुळती की पंगतीत पाहुण्याच्या पाटावर तोतया येऊन बसावा, तसं ते त्या जागा अडवतं. पाहुणा दारात ताटकळतो, मेंदूला वाटतं थकवा आलाच नाही. पण तोतया उठला की खोळंबलेले सगळे पाहुणे एकदम आत शिरतात! कॅफीन शक्ती देत नाही, फक्त थकव्याची बातमी अडवतं. शिवाय ते लवकर उठतही नाही. त्यातलं निम्मं शरीरातून जायला साधारण पाच तास लागतात. संध्याकाळी सहाला प्यायलेला चहा रात्री अकराला निम्मा जागाच असतो.

आणि झाडं हे कॅफीन बनवतात कशाला? पानं कुरतडणाऱ्या किड्यांना पिटाळायला. पण निसर्गाची खरी करामत पुढेच आहे. कॉफीच्या आणि लिंबू-संत्र्याच्या जातीच्या काही फुलांच्या मधुरसात कॅफीन अगदी किंचित असतं. 2013 साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसलं की एवढ्याशा मात्रेने मधमाशीला त्या फुलाचा वास जास्त काळ लक्षात राहतो आणि ती पुन्हा तिथेच येते. जास्त झालं की विष, थोडं असलं की आमंत्रण. झाडाला हा हिशेब कोणी शिकवला, असा विचार मनात आला की मी आजही थक्क होतो.

ॲडेनोसिनसोबत झोपेची वेळ ठरवणारं एक घड्याळही आपल्या शरीरात आहे. गोकुलनाथ ज्या वर्षी ॲनापोलिसला पोचले त्याच 2017 साली हॉल, रॉसबाश आणि यंग यांना या घड्याळाची यंत्रणा उलगडल्याबद्दल नोबेल मिळालं. त्यांनी ती उलगडली चिलटांत, पिकल्या द्राक्षांवर घोंगावतात ना, तसल्या! या घड्याळाचा काटा सकाळचा उजेड जुळवतो. म्हणून नाशिकच्या गोल्फ क्लब मैदानावर सकाळी फेऱ्या मारणाऱ्यांना दुहेरी लाभ होतो. उजेडाने घड्याळ लागतं आणि व्यायामाने रात्रीची झोप गाढ होते.

तुमच्या वयाला चहा-कॉफीची गरजच नाही. घरच्या मोठ्यांना सांगा, दुपारनंतर कप बाजूला ठेवा. आणि परीक्षेच्या आदल्या रात्री पुस्तक मिटून वेळेवर झोपा, कारण दिवसभर वाचलेलं मेंदू पक्कं करतो ते झोपेतच.